कडब्याची उंची

१.
माझ्या आजीच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी जोडीने येत असत : मिलो आणि हायब्रीड. भाजी बेचव निघाली, लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, नव्या सुनेने केलेली भाकरी तव्यावरच तडकली, की ती या दोहोंपैकी एका शब्दाने त्या वस्तूची वासलात लावी. "दोन्ही एकाच वाणाची," असे ती वर म्हणे. मी बारावीत असताना एकदा मोठ्या आत्मविश्वासाने तिची चूक दुरुस्त केली. मिलो हे अमेरिकेतून आलेले दुष्काळातले धान्य, हायब्रीड हे आपल्याच शास्त्रज्ञांनी घडवलेले बियाणे, आणि त्यानेच देशाला धान्य पुरवले, असे पाठ्यपुस्तकातले सगळे मी तिला ऐकवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू पुस्तकातलं सांगतीस, मी दावणीतलं सांगते."
मित्रहो, आजचा धागा ज्वारीचा आहे आणि तो माझ्या त्या दुरुस्तीची दुरुस्ती आहे.

२.
आमचे गाव सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. इथे ज्वारी म्हणजे मुख्यतः रब्बीची ज्वारी, जिला आम्ही शाळू म्हणतो. पावसाळा सरत आला की, साधारण हस्ताच्या सुमारास, तिफणीने ती पेरायची. त्यानंतर आभाळाकडून फारशी अपेक्षा ठेवायची नाही. काळ्या मातीने पावसाळ्यात पोटात साठवलेली ओल आणि थंडीतले दव एवढ्यावर हे पीक चार महिने काढते. दाणा भरतो तेव्हा हवा कोरडी असते, म्हणून तो मोत्यासारखा पांढरा राहतो. माघ-फाल्गुनात पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात. उपटणाऱ्यांच्या तळहातांना पडलेले घट्टे पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाहीत.

३.
शहरात राहणाऱ्याला ज्वारी म्हणजे धान्य वाटते. आमच्याकडे एका पेरणीत दोन पिके येतात : दाणा माणसाचा आणि कडबा जनावराचा. कणसे मोडून घेतली की उरलेल्या वाळल्या ताटांची पेंढी बांधायची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. हिशेब आणि व्यवहार पाचुंद्यांत चाले. मग घराच्या मागे गंज रचायची, तीही अशी की वळवाचा पाऊस आत शिरू नये. दाणा पेवात किंवा कणगीत असे, तो पाहुण्याला दिसत नसे. गंज मात्र रस्त्यावरून दिसे. मुलगी द्यायला आलेली माणसे आधी गंजीकडे पाहत आणि मग घरात शिरत, असे आजी सांगे. ज्याची गंज मोठी त्याची बैलजोडी धड, ज्याची बैलजोडी धड त्याची पेरणी वेळेवर, आणि वेळेवरची पेरणी म्हणजे पुढच्या वर्षाची भाकरी. धान्याची गणिते या चक्रात फिरत होती.

४.
मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या भागात वेळ अमावस्या असते. ओठांवर शब्द येतो तो 'येळवस'. सीमेपलीकडचे कन्नड भाषकही हा सण करतात. त्या दिवशी शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढे भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आणि ताक. पूजा झाली की आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा. भोवती शाळू निसवलेला असतो आणि आपण त्यात पूर्ण बुडून जातो. लहानपणी मला कोप हे देवळाचे छोटे रूप वाटे. आता वाटते की ज्या वनस्पतीने माणसाला, जनावराला आणि देवाला एकाच वेळी आसरा दिला, तिची ती पूजा आहे, आणि त्या पूजेत मान दांड्याला आहे.

५.
ही 'आपली' ज्वारी मुळात आपली नव्हे, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगितले पाहिजे. तिचे माहेर ईशान्य आफ्रिका. पूर्व सुदानात सापडलेल्या, ५००० वर्षांहून जुन्या खापरांत ज्वारीच्या दाण्यांचे व तुसांचे ठसे मिळाले आहेत. माणसाने ज्वारीला शेतात आणल्याचा तो आजवरचा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. तिथून ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आसपास भारतात आली. त्या काळात महाराष्ट्रात शेती नव्हती असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लोक सातू पिकवीत होते. ज्वारी आली आणि हळूहळू सातूच्या जागी बसली. संस्कृत ग्रंथांत तिला 'यावनाल' हे नाव आहे. 'यव' म्हणजे सातू आणि 'नाल' म्हणजे दांडा, अशी त्या शब्दाची फोड करण्याचा मोह मला आवरत नाही : नव्या पाहुणीला जुन्या धान्याचे नाव दिले आणि वेगळेपण दाखवायला दांडा जोडला.

६.
आपल्या स्मृतीत मात्र दांडा कुठे नाही, कोठार आहे. सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढे हे ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते. २०१६ मध्ये तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. याच गावात पंधराव्या शतकात बहामनी राजवटीचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी रयतेसाठी उघडली, अशी परंपरा आहे. बीदरच्या बादशहाची शिक्षा त्यांना भोगावी लागू नये म्हणून स्वतः विठ्ठल विठू महार होऊन धान्याची किंमत भरून आला, असे संतकथा सांगते. ही कथा किती पिढ्यांनी ऐकली असेल. तिच्यात पेवे आहेत, दाणे आहेत, किल्ल्या आहेत. त्या दुष्काळात बैलांचे काय झाले, हे कोणत्याही कीर्तनात मी ऐकलेले नाही.

७.
वैरणीची आठवण ठेवणारा एक कागद मात्र आपल्या इतिहासात ठळक आहे. चिपळूणजवळ दळवटण्याला मुक्काम असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये लिहिलेले पत्र तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, एवढाच त्याचा भाग सहसा सांगितला जातो. पण ते पत्र मूलतः दाणा आणि वैरण यांच्या हिशेबाचे आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला साठा आत्ताच उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील. दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तरी गवताची गंज जळेल. असा विचार त्यात पायरीपायरीने केला आहे. वैरण संपली की राज्य आणि रयत यांच्यातला विश्वास संपतो, हे ज्याला समजले होते त्या राजाचे ते पत्र आहे. ते गवत कोकणातले होते आणि जनावर घोडा होता. बालाघाटाच्या पायथ्याशी कडबा आणि बैल असा बदल केला की हिशेब तोच उरतो.

८.
वसाहतकालीन सरकारने हा हिशेब केला तो केवळ दाण्याचा. १८७६ मध्ये दख्खनमध्ये पाऊस गेला आणि सोलापूर त्या दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. दुष्काळी कामांची पाहणी करायला आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च कमी करण्यासाठी मजुरी उतरवली : पुरुषाला दिवसाला १ पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातले मजूर हजारोंनी काम सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आजच्या मापाने १ पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. एवढी ज्वारी शरीराला साधारण १५०० किलोकॅलरी देते. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाची गरज त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. हे माणसाचे झाले. बैलाच्या तोंडी काय पडावे, हा प्रश्न त्या मजुरीच्या गणितात बसतच नव्हता. दुष्काळ संपला तरी पेरणीला बैल नाही, म्हणून पुढचे वर्षही दुष्काळाचेच, अशी घरे किती असतील याचा अंदाज करावा.

९.
आता थोडे पोषणाविषयी, कारण आजकाल ज्वारीचे नाव तेवढ्यासाठीच निघते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने, जवळजवळ तेवढाच तंतुमय भाग आणि ३३० च्या आसपास किलोकॅलरी असतात. गव्हातले ग्लुटेन तिच्यात नसते. म्हणूनच पिठाला ताण येत नाही आणि भाकरी लाटता येत नाही, आधणाच्या पाण्यात मळून थापावी लागते. पण तिच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. पिठले, शेंगांची चटणी, तुरीचे वरण आणि दूध-ताक ही उणीव भरून काढतात. ज्वारीसोबत हरभरा, तूर आणि करडई पेरणाऱ्या शेतकऱ्यांनी हे ताटातून ओळखले होते. ही सोबत सुटली की काय होते? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवले की दख्खनमध्ये जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो. त्वचा सोलवटते, जुलाब लागतात, मन भ्रमिष्ट होते. त्यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या अधिक ल्यूसीनशी जोडला. हेच धान्य ज्या घरात दुभते जनावर होते तिथे पुष्टी देत होते, आणि ज्या घरातून जनावर गेले तिथे रोग देत होते. कडबा संपतो, मग दूध संपते, मग भाकरी एकटी पडते. पोषणाचा इतिहासही गोठ्यातून जातो तो असा.

१०.
ज्वारीवर आधुनिक संशोधन सुरू झाले तेव्हा प्रारंभी हा दुहेरी हिशेब सुटला नव्हता. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे शेतकऱ्यांच्याच मालदांडी वाणातून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण पुढे आला. यात संकर नव्हता, परका बाप नव्हता. शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी ज्या रोपांचे बी राखले त्यांतलेच उत्तम ते वेचले होते. भाकरी गोड, दाणा टपोरा, ओल कमी पडली तरी तग धरणारा आणि डोक्याच्या वर जाणारा. कडबा असा की जनावर मुळाकडचे बुडखेही सोडत नाही. हुरड्यासाठी गुळभेंडी आणि कुचकुची निराळ्या, लाह्यांची ज्वारी निराळी. पण घर चालवायला मालदांडी.

११.
मग १९६० चे दशक आले. पावसाने लागोपाठ दगा दिला, देश अमेरिकेच्या धान्यावर जगू लागला आणि बोटी बंदरात वेळेवर लागतील की नाही याची चिंता दिल्लीला लागली. भारतातला ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये प्रसारित झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर फासावर जाण्याची भाषा केली. त्या काळाची निकड या वाक्यात दिसते. ज्यांच्या घरात धान्य नव्हते त्यांना या बियाण्याने धान्य दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खत घातले, पाणी लागले, तर हायब्रीड गावठी वाणाच्या कितीतरी पट उतरे. माझ्या आजोबांनीही १९६८ च्या सुमारास खरिपाच्या मुरमाड तुकड्यात ते पेरले आणि पहिल्या वर्षी रास पाहून गावाला गूळ वाटला.

१२.
दोष दिसायला दोन हंगाम लागले. खरिपाची गावठी ज्वारी दिवसाच्या लांबीवर लक्ष ठेवून असते. दिवस आखूड होऊ लागल्याशिवाय ती निसवत नाही. त्यामुळे तिचा दाणा पाऊस उघडल्यावर भरतो. तिच्या अंगात एक पंचांगच आहे म्हणा ना. सीएसएच-१ ला ते पंचांग नव्हते. पेरल्यापासून १०० दिवसांच्या आसपास ती तयार होई, मग बाहेर पाऊस पडत असो वा नसो. ओल्या हवेत कणसांना बुरशी लागे आणि दाणा काळा पडे. आजीची भाकरी तडके ती या पिठाची. दुसरा दोष अधिक खोल होता. हे पीक छातीइतके वाढून थांबे. दाणा दुप्पट, कडबा निम्मा. मापाच्या नोंदीत केवळ दाणा लिहिला जात असे, म्हणून कागदावर तो विजय होता. गंजीच्या जागेवर आजी उभी होती, तिला तो विजय वाटला नाही.

१३.
हे पीक बुटके का होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पुण्यातल्या एका ग्रंथालयात बसून चकित झाले. आफ्रिकेतून एकोणिसाव्या शतकात ज्वारीचे निरनिराळे वाण अमेरिकेत गेले. तिथल्या कोरड्या मैदानांत त्यांची लागवड झाली ती मुख्यतः जनावरांना दाणा घालण्यासाठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापणी आणि मळणी एकत्र करणारे 'कम्बाइन' यंत्र शेतात आले. उंच ताटे यंत्राला नकोत. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी बुटकी रोपे निवडून, संकर करून, पीक यंत्राच्या उंचीला आणले. सीएसएच-१ ची माता अशाच एका वाणातून आली आहे आणि तिचे नाव आहे 'कम्बाइन काफिर-६०'. 'काफिर' हे दक्षिण आफ्रिकेतल्या ज्वारीला वसाहतवाल्यांनी दिलेले, आज अपमानास्पद मानले जाणारे नाव. 'कम्बाइन' हे यंत्राचे नाव. ज्या देशात बैल उरला नव्हता त्या देशाची गरज त्या रोपाच्या उंचीत कोरलेली होती, आणि ते बियाणे बैलांच्या देशात पेरले गेले.

१४.
आणि मिलो? ज्वारीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर करायचे तर एका वाणाचे पराग निष्फळ असावे लागतात, कारण लाखो फुलांतले पुंकेसर हाताने कोण काढणार? टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी १९५४ मध्ये ही अडचण सोडवली. मिलो नावाच्या ज्वारीला माता करून तिच्यावर काफिर ज्वारीचे पराग वारंवार घातले, तर दिसायला काफिर पण पराग निष्फळ, अशी रोपे मिळतात. पेशीतले पेशीद्रव्य केवळ आईकडून येते, आणि इथे ते मिलोचे असते. जगभरातल्या संकरित ज्वारीचा मोठा भाग या शोधावर उभा आहे. सीएसएच-१ ची माताही याच पद्धतीची होती. म्हणजे आजोबांनी मुरमाड तुकड्यात पेरलेल्या प्रत्येक दाण्याच्या पेशीत, आईच्या बाजूने, मिलो होती.
दोन्ही एकाच वाणाची. ते वाचून मी पुस्तक मिटले. आजी तेव्हा हयात नव्हती.

१५.
तिला हे कळण्याचा मार्ग नव्हता, हे मान्य आहे. योगायोगाला मी ज्ञान म्हणणार नाही. पण ती जे म्हणत होती ते शब्दशः खरे निघण्यापूर्वीही अर्थाने खरे होते. १९७२ मध्ये पाऊस झाला नाही. सरकारने रस्त्यांची, पाझर तलावांची, खडी फोडण्याची कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे या कामांवर होती. यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला आणि १८७७ च्या तुलनेत माणसे भुकेने फारशी मेली नाहीत, ही महाराष्ट्राची खरी कमाई आहे. आजी त्या ५० लाखांतली एक. पदरात वर्षाचे मूल, हातात हातोडी. कामावर सुकडी मिळे आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी मिलो. तिची भाकरीही तांबडी होई. "ताटात पडली की शेजारणीला कळायचं, ह्यांच्या घरातली ज्वारी संपली," असे ती सांगे. भुकेपेक्षा तो रंग तिच्या लक्षात राहिला होता.

१६.
बैलांची गोष्ट तिने फार उशिरा सांगितली. पूर्वी आमच्या घरामागे दोन-तीन वर्षांचा कडबा शिल्लक असे. एक साल गेले तर गंज पुढे ढकलत नेई. हायब्रीड पेरलेल्या तुकड्याचा कडबा चार वर्षे निम्मा आला, त्यातला काही बैलांनी हुंगून टाकून दिला, आणि जुनी गंज बसत गेली. १९७२ च्या दिवाळीला ती संपली. सरकारी छावणी गावापासून लांब. आजोबांनी माघात जोडी बाजारात नेली आणि मिळेल त्या भावाने दिली. परत आले ते दोन दिवस बोलले नाहीत. दावण मोकळी झाली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण पेरणी उसन्या बैलांवर, म्हणजे सगळ्या गावाची झाल्यावर. आजीची तक्रार चवीची नव्हतीच. मला बारावीत तेवढीच ऐकू आली होती.
मी हेही लिहिले पाहिजे की एकट्या हायब्रीडने आमची जोडी नेली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दुष्काळ एवढा मोठा होता की मालदांडीची भरलेली गंजही कदाचित पुरली नसती. पण आणखी तीन महिने पुरली असती, असे आजी म्हणे, आणि त्या तीन महिन्यांनंतर पाऊस आला होता.

१७.
रब्बीत मात्र हायब्रीडचे राज्य कधी झाले नाही. थंडी, कोरडी हवा आणि जमिनीतली ओल यांवर तगणारे, भाकरीला गोड आणि कडब्याला उंच असे काही हातात नसल्याने शेतकरी मालदांडी पेरतच राहिला. नव्वदीच्या घरातला हा वाण आजही शेतात आहे. त्याच्या नंतरचे फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती हे वाण करताना संशोधकांनी दाण्याबरोबर कडबाही मोजला. गंज अखेर नोंदवहीत आली, ही समाधानाची गोष्ट.
तरीही ज्वारी हटत गेली. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात तिच्याखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आज ती त्याहून कितीतरी कमी आहे. उजनीचे पाणी आले तिथे ऊस आला. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला आणि भाकरी थापणारे हात कमी झाले. ट्रॅक्टर आला आणि दावणी रिकाम्या झाल्या. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षी पुण्यात मी ज्वारीची बिस्किटे, नूडल्स आणि पास्ता पाहिला. कडब्याचा उल्लेख एकाही वेष्टनावर नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते.

१८.
गेल्या भाद्रपदात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. शाळू उपटायला माणसे मिळत नाहीत. मिळाली तर मजुरी दाण्याच्या किमतीला भिडते. यंत्राने निघेल अशी बुटकी ज्वारी काहीजण पेरू लागले आहेत, आपणही पेरावी का, असे ते विचारत होते. घरात बैल नाहीत, एक म्हैस आहे. "तू इतिहास शिकलीस, सांग," असे ते अर्ध्या थट्टेने म्हणाले.
मी गप्प राहिले. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न सोडवला तोच आता आमच्या बांधावर आला होता. बैल गेला, हात गेले, की रोपाला यंत्राच्या उंचीला यावेच लागते. यात कोणाचे कारस्थान नाही आणि आप्पांनी साठाव्या वर्षी ज्वारी उपटत राहावी असे पुण्यात बसून सांगण्याचा मला अधिकार नाही. एकदा मी पुस्तकाच्या बळावर आजीला दुरुस्त केले होते. आता आजीच्या बळावर वडिलांना दुरुस्त करणे ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती झाली असती. मी एवढेच म्हणाले, "आप्पा, दोन्हींचा हिशेब मांडा. दाण्याचा मांडताय, तसा कडब्याचाही मांडा."

१९.
त्यांनी मांडला. जवळच्या दूधवाल्यांकडे कडब्याला चांगला भाव होता. तो धरला तर मालदांडी तोट्याची नव्हती, मजुरी वजा केली तर फार फायद्याचीही नव्हती. शेवटी दोन एकरांत बुटकी आणि एका एकरात मालदांडी, असे ठरले. कारण विचारले तेव्हा आप्पा म्हणाले, "येळवशीला कोप कशाची करायची?"
मार्गशीर्षात मी गावी गेले. दोन शेते शेजारी उभी होती. एका बाजूने माझ्या छातीपर्यंत, दुसऱ्या बाजूने माझ्या हाताच्या वर. मधल्या बांधावर कोप केली होती. आंबील शिंपडत मी दोन्हींना फेरा घातला.

२०.
धागा इथे संपतो. तुमच्या घरात १९७२ पाहिलेले कोणी असेल तर त्यांना मिलोबद्दल अवश्य विचारा. ते चवीबद्दल सांगतील, रंगाबद्दल सांगतील. तेवढ्यावर थांबू नका. त्या वर्षी दावणीत काय होते आणि पुढच्या वर्षी काय उरले, हेही विचारा. आणि मध्येच त्यांना दुरुस्त करू नका.